मडमच्या लांब बाह्या

मी आक्काच्या बाहुलीला लाल खणाची चोळी न धुता घातली आणि चार महिने तशीच कपाटात ठेवून दिली.

ज्यांना बाहुल्यांचे कपडे शिवायचा नाद नाही त्यांना यात चूक कुठे झाली तेच कळणार नाही, म्हणून सांगतो. जुन्या बाहुल्यांचं अंग मऊसर प्लास्टिकचं असतं. गडद कापडाचा रंग त्याला लागतो, आणि लागतो म्हणजे वरवर बसत नाही, लोणच्यात मीठ मुरावं तसा आत मुरतो. मग साबण लावा, रॉकेल लावा, टूथपेस्ट लावा, तो हलत नाही. म्हणून लाल, काळं, निळं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं, पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं आणि एवढं करूनही आतून पांढरं अस्तर द्यायचं. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. हा नियम मी लोकांना शिकवत होतो. आमचा बाहुलीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळ्या बायका आणि पुरुष मी एकटा. तिथे एका बाईंनी बाहुलीच्या मांडीवर उमटलेला निळा डाग दाखवून उपाय विचारला, तेव्हा मी त्यांना लिहिलं होतं, "ताई, कापड धुवायचा आळस असेल त्यांनी हा छंद करू नये." खाली हात जोडल्याचं चिन्हही टाकलं होतं. त्या ताई ग्रुप सोडून गेल्या.

मग मी स्वतः खण का नाही धुतला? कारण खण धुतला की त्याचा कडकपणा जातो, काठावरची चमक मरते, आणि मला फोटोत चमक हवी होती. फोटो ग्रुपवर टाकायचा होता.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढली. डाय, जिग, फिक्श्चर. केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी पार्ट भंगारात. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाऊन गुडघ्यांबद्दल बोलतात, ते मला जमेना. नातीच्या बाहुलीचा फ्रॉक फाटला होता, तो बायकोच्या मशीनवर शिवून दिला, आणि तिथून जो घसरलो तो अजून घसरतोच आहे. मला जुन्या काळचे कपडे आवडतात. फुग्यांच्या बाह्या, टिपक्यांचे फ्रॉक, बेलबॉटम, कानापर्यंत गेलेले गॉगल. गोळ्यांच्या पाकिटाचं प्लास्टिक कापून मी गॉगल करतो, घड्याळाच्या जुन्या पट्ट्याच्या चपला करतो, जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार काढून नथ वळवतो. बाहुलीची छाती-कंबर व्हर्नियरने मोजतो. बायको म्हणते, "माझ्या नथीचा फासा तुटून दोन वर्षं झाली. तो नाही झाला. प्लास्टिकच्या बाईची नथ झाली." यावर मी मशीन जोरात चालवतो.

आता आक्का. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दिंडोरीकडे द्राक्षांच्या घरात दिलेली. आमचं पटत नाही. पटत नाही म्हणजे भांडण होऊन अबोला वगैरे झाला असं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान शांतता मिळाली असती. आक्का भेटली की मला बघते, आणि त्या बघण्यात मी कायम सात वर्षांचा असतो आणि माझ्या हातात कात्री असते.

कात्रीची हकिगत अशी. वडिलांनी एकदा मुंबईच्या जुन्या बाजारातून आक्कासाठी एक बाहुली आणली. आमच्याकडे तोवर बाहुली म्हणजे चिंध्यांची, फार तर डोळे मिटणारं बाळ. ही बाळ नव्हती. हिला कंबर होती, छाती होती, ओठ रंगवलेले, पावलं उंच टाचांसाठी वाकवलेली, पिवळे केस पाठीवर. आजी म्हणाली, "अगं बया, ही तर मडम." तेच नाव पडलं. आईने त्याच संध्याकाळी आपल्या खणातला तुकडा कापून मडमला चोळी शिवली, कारण वडिलांसमोर ती तशी उघडी बरी दिसेना. आक्का मडमशी खेळायची नाही. तिला फळीवर उभी करायची आणि खाली बसून बघायची. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती.

ती शाळेत गेली असताना मी मडमचे केस कापले. पुन्हा वाढतील असं मला वाटलं होतं. नाही वाढले, तेव्हा मी तिच्या डोक्याला एक मळकं फडकं घट्ट गुंडाळलं आणि आक्का आल्यावर सांगितलं की मडम घोटीला भात लावायला चालली आहे, ऊन लागू नये म्हणून बांधलंय. आमचं आजोळ घोटीचं, तिथे बायका तसंच बांधतात, त्यामुळे थाप मला बिनतोड वाटत होती. तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी आक्काने फडकं सोडलं. ती रडली नाही. तिने मला मारलंही नाही. तिने ते फडकं घडी करून माझ्या दप्तरात ठेवलं. अजूनही कुणाच्या लग्नाकार्यात आम्ही एकत्र आलो की ती कुणाला तरी ही गोष्ट सांगते, आणि ऐकणारे हसतात, आणि ती हसत नाही.

पुढे आईने काळ्या लोकरीचा अंबाडा करून मडमच्या डोक्यावर शिवून टाकला. आक्काच्या लग्नात, तिच्या लग्नाच्या खणातल्याच कापडाची लाल चोळी आणि हिरवं लुगडं नेसून मडम रुखवतात उभी राहिली. त्याचा फोटो आहे. मग ती आक्काबरोबर सासरी गेली आणि तिकडच्या काचेच्या कपाटात पन्नास वर्षं उभी राहिली. चोळीला कसर लागली, लुगडं विरलं, मडम टिकली. आईने खण धुऊन आतून अस्तर दिलं होतं, म्हणून तिच्या अंगाला डागही नव्हता.

गेल्या वर्षी द्राक्षाच्या छाटणीनंतर आक्का आमच्याकडे आली. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, हंगाम उरकल्यावर वैशाखातली तारीख. आक्काच्या बोटांच्या फटीत मोरचुदाचा निळा रंग होता. फवारणीच्या दिवसांत तो तिच्या हातावर कायमच असतो. सून, मुलगा, सगळे सांगतात की हातमोजे घाल, ती घालत नाही. तिने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली मडम काढली आणि टेबलावर ठेवली. माझ्याकडे सरकवली नाही, मध्ये ठेवली.

"पोरीच्या रुखवतात मांडायची हाय," ती म्हणाली. "माझ्या मांडली होती तशीच. हा फोटो. आईनं शिवली तशी चोळी पायजे. आखूड बाही, लाल खण, हिरवा काठ. तुला जमंल का?"

"आक्का, मी आता यातला जाणकार आहे. लोक पुण्याहून विचारतात."

"पुण्याचं नको सांगू. जमंल का?"

"जमेल."

"कात्री कापडालाच लावशील ना?"

बायको आत जाऊन हसली. मी ऐकलं.

मला राग आला होता, आणि त्याच रागात मी आठ दिवसांत चोळी शिवली. भद्रकालीच्या बाजारात हिंडून जुन्या विणीचा खण मिळवला. फोटोत भिंग धरून टाके मोजले. आईचा टाका किंचित डावीकडे झुकलेला होता, मीही तसाच झुकवला. एवढी बारीक नक्कल मी आयुष्यात केली नव्हती. चोळी मडमला घातली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, एकशे चार बदाम आले. मग मडमला चोळीसकट टिश्यू पेपरात गुंडाळून कपाटात ठेवलं. काढून ठेवायची होती. काढली नाही, कारण इतकी नीट बसली होती की काढवेना.

चैत्रात, लुगड्याचं माप घ्यायला म्हणून चोळी काढली. चोळी निघाली आणि खाली दुसरी चोळी होती. दंडावर, छातीवर, पाठीवर, गळ्याभोवती, लालभडक. शिवणीसुद्धा उमटल्या होत्या. आईचा डावीकडे झुकलेला टाका मडमच्या अंगावर छापून आला होता.

बायको मागे येऊन उभी राहिली. बघून म्हणाली, "फोटोत छान दिसत होती."

त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. द्राक्षं काढायला मजूर आले होते, मागे क्रेटांचा आवाज येत होता. "झाली का मडम?"

"एक नंबर झालीये."

"अंगावर घातलीस का?"

"घातली म्हणजे काय, अगदी अंगचीच झालीये," मी म्हणालो. या माणसाला फाशी द्यायला हवी असं ऐकणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं.

या डागावर एकच उपाय आहे आणि तोही मला माहीत होता, मीच ग्रुपवर सांगत असतो. मुरमांवर लावायचं एक मलम मिळतं, ते डागावर जाड थापायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचं म्हणजे वाळत नाही, आणि कडक उन्हात ठेवायचं. ऊन आणि मलम मिळून रंग खातात. पण रोज संध्याकाळी उघडून बघायचं. डाग गेला की थांबायचं, नाहीतर मलम बाहुलीचाही रंग खातं.

मेडिकलवाला ओळखीचा. बासष्ट वर्षांच्या टक्कल पडलेल्या माणसाने मुरमांचं मलम मागितलं म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"कुणासाठी, काका?"

"नातीसाठी."

"वय काय? लहान असेल तर हे जोराचं पडतं."

माझ्या डोक्यात मडम होती. "पन्नासच्या पुढे," मी म्हणालो.

त्याने मलम कागदात गुंडाळून दिलं. तेव्हापासून मी दुसऱ्या मेडिकलमध्ये जातो.

उन्हासाठी गच्ची. आमच्या इमारतीच्या गच्चीवर होळीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं राज्य असतं. कुरडया, पापड, सांडगे, सगळीकडे साड्या अंथरलेल्या. त्यांचं माझं आधीच बिनसलं होतं. आदल्या वर्षी मी रंग काढायला भिजवलेलं लाल कापड त्यांच्या कुरडयांशेजारी वाळत घातलं होतं, वाऱ्याने ते उडून नको तिथे पडलं, आणि त्यांच्या जावयाला गुलाबी कुरडया खायला लागल्या. म्हणजे धुतलेल्या कापडांनीसुद्धा माझं भलं केलेलं नाही. या वेळी मी मडमला मलम थापलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि टीव्हीच्या डिशच्या दांड्याला दोऱ्याने बांधलं. सगळ्या बाजूंनी ऊन मिळावं हा हेतू.

दुपारी वरून किंचाळी आली. मी धावत गेलो. बाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, त्यांच्यामागे आणखी दोघी.

"काका, हे काय आहे?"

"बाहुली आहे."

"ते दिसतंय मला. अंगाला पांढरं फासलेलं, गळ्याभोवती लाल, माझ्या कुरडयांच्या डोक्यावर टांगलेली. आणि आज अमावास्या!"

अमावास्या होती हे मला खरंच माहीत नव्हतं. मुरमांचं मलम आहे हे सरळ सांगायचं होतं, पण तिघी एकदम बघत असल्याने माझ्या तोंडून निघालं, "तिच्यावर उपचार चालू आहेत."

"कुणावर?" मागची एकजण म्हणाली, आणि दोन पावलं सरकली.

"मागच्या वर्षी कुरडया लाल केल्या, या वर्षी हे," बाई म्हणाल्या. "माझ्या सुनेला दिवस गेलेत, काका. काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा."

मी आयुष्यभर नवस नाही, गंडा नाही, घराला लिंबू-मिरची नाही असा माणूस. माझ्यावर करणीचा आळ! मी तिथे विज्ञानावर बोललो. फार बोललो. ऊन रंग कसा खातं ते समजावलं. त्या ऐकत नव्हत्या हे कळल्यावर मी आवाज चढवला आणि म्हणालो की तुमच्या कुरडयांना करणीची गरज नाही, त्या तशाच फुलत नाहीत. हे बोलायला नको होतं. मग मी बाहुली काढल्यासारखं केलं, आणि त्या खाली गेल्यावर पाण्याच्या टाकीवर चढून मागच्या कोपऱ्यात आडवी ठेवली. तिथे कुणाला दिसणार नव्हती आणि ऊन तर जास्तच होतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना: गच्चीवर आक्षेपार्ह वस्तू आढळल्याने किल्ली चेअरमनकडे राहील, ज्यांना जायचं असेल त्यांनी वहीत कारण लिहून सही करावी. चेअरमन निवृत्त मुख्याध्यापक. मी गेलो तर म्हणाले, "माझा तुमच्यावर संशय नाही. पण नियम म्हणजे नियम. कारण लिहा."

"माझ्याच गच्चीवर जायला मी कारण लिहू?"

"लिहा की. सगळ्यांनाच आहे."

"नाही लिहीत."

"नका लिहू."

मी तीन दिवस लिहिलं नाही. त्या तीन दिवसांत नाशिकला उन्हाळा असा पडला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. मी घरात पंख्याखाली बसून चेअरमनांना उद्देशून भाषणं करत होतो आणि वर टाकीवर मडम भाजत होती. मला आठवण नव्हती असं नाही. आठवण होती. पण वहीत सही करणं म्हणजे त्या बाईंपुढे हरणं, असं काहीतरी मी धरून बसलो होतो. चौथ्या दिवशी बायको उठली, चेअरमनकडे गेली आणि किल्ली घेऊन आली. वहीत तिने कारण लिहिलं होतं: 'नवऱ्याची बाहुली आणायची आहे.' ती वही अजून चेअरमनकडे आहे.

प्लास्टिक सोडलं. मान, खांदे, छाती, मनगटापर्यंत दोन्ही हात, सगळं मुळ्यासारखं पांढरं. चेहरा आणि पाय मात्र जुन्या हस्तिदंताच्या पिवळट रंगाचे. जणू दोन बायका कापून एक जोडली होती. आणि लाल पुरता गेलाही नव्हता. मानेमागे, काखेत, जिथे ऊन पोचलं नाही तिथे गुलाबी ओरखडे उरले होते.

लग्नाला नऊ दिवस होते. सांगून टाकावं म्हणून मी आक्काला फोन लावला. तिने उचलताच विचारलं, "काय केलंस?"

"काही नाही."

"मग फोन कशापायी?"

"सहज."

"तू सहज फोन करत नाय."

"चोळीत जरा सुधारणा करावी म्हणतो. अजून जुन्या पद्धतीची, अस्सल."

"आईनं शिवली तशी," ती म्हणाली, आणि ठेवून दिला.

तिथे मला थांबता आलं असतं. तिच्या घरी बस जाते, तासाभराचा रस्ता, मडम पिशवीत घालून जायचं आणि टेबलाच्या मधोमध ठेवायचं. त्याऐवजी मी मशीनवर बसलो. मलमलीचं सायीच्या रंगाचं कापड काढलं आणि मडमला बंद गळ्याचा, मनगटापर्यंत लांब बाह्यांचा, गळ्याला आणि मनगटाला झालरीचा असा पोलका शिवला की तो बघून ग्रुपवरच्या बायका रडल्या असत्या. बाहीवर तीन-तीन चुण्या. मागे एकच अगदी छोटं प्रेसबटण, बोटाच्या टोकाने दाबलं की अख्खा पोलका उघडतो, बाहुलीचे हात वाकवावे लागत नाहीत. ती माझी खासियत. वरून जांभळं लुगडं, नथ, पायांत चपला. एक पाटी लिहिली: 'शंभर वर्षांपूर्वीची घरंदाज वेशभूषा.'

बायकोने पाटी वाचली. "घरंदाज कोण, मडम?"

"त्या काळी असं घालायचे."

"एवढं झाकलंयत तर तोंडावरूनही पदर घ्या. आणि उरलेला तुम्ही पांघरा."

लग्न दिंडोरी रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. सकाळी आठला मी रुखवताच्या टेबलाशी पोचलो. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, साखरेची तुळस, मण्यांची घागर, आणि मध्ये एक जागा रिकामी ठेवलेली. मी मडम उभी केली, पाटी लावली. आक्का आली. नऊवारी नेसलेली, हातांना मेंदी, तरी नखांच्या कडेला निळं. तिने मडमला उचललं आणि वळवून वळवून पाहिलं.

"आईची चोळी कुठंय?"

"घरी आहे. आक्का, हे बघ, त्या काळी प्रत्यक्षात घरंदाज बायका..."

"कोणत्या काळी? माझ्या लग्नात मी होते. तू पंगतीत जिलब्या चोरत होतास."

"पण फॅशन म्हणून पाहिलं तर..."

"हिला एवढं बांधलंय कशाला?" तिने झालरीवर बोट ठेवलं. तेवढ्यात मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या, आणि तिला मडम खाली ठेवून हसऱ्या चेहऱ्याने वळावं लागलं.

मुलाकडच्या बायका रुखवत बघतात म्हणजे नावं ठेवायला जागा शोधतात. त्यांच्या पुढे मुलाची आत्या होती, घोटीची, चष्मा लावलेली, घरी शिलाईकाम करणारी. तिने सुपाऱ्यांच्या नवऱ्याला म्हटलं की हा वाकडा आहे, तुळशीला म्हटलं की हिला मुंग्या लागतील, आणि मडमपाशी येऊन थांबली.

"ही काय! वैशाखात थंडी वाजतीय का हिला?"

सगळ्या हसल्या. आत्याने चष्मा सारखा केला. "शिवलंय मात्र झकास. कोणी शिवलं? उघडतं कुठून?" आणि शिवणाऱ्या बाईचं बोट जिथे जातं तिथेच तिचं बोट गेलं. टक्. माझी खासियत. पोलका तिच्या हातात आला.

मडम त्या टेबलावर, साखरेच्या तुळशीशेजारी, मुळ्यासारखी पांढरी, मानेवर आणि काखेत गुलाबी ओरखडे घेऊन उभी होती.

"अगं बाई, हिला काय झालं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"भाजलेली दिसते."

"असली बाहुली मांडतात होय, लग्नात?"

नवरी दोन टेबलांपलीकडे मैत्रिणींत उभी होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा उतरला. मी पुढे झालो आणि तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं, खण, मलम, गच्ची, सगळं. निघालं एवढंच, "त्याचं असं आहे, उपचार..."

"मी केलंय ते," आक्का म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"माझ्या लग्नातली बाहुली हाय ही. माझ्याच रुखवतात होती, आता नातीच्या हाय. माझ्या हाताचं मोरचूद तिला लागलं. मग घासली, उन्हात टाकली, घासली. पन्नास वर्सं द्राक्षाच्या घरात राहिली, तिचं अंग काय नव्यासारखं राहील व्हय? हे बघा." आणि तिने मेंदीचे दोन्ही हात आत्याच्या चष्म्यासमोर धरले. मेंदीखाली तिच्या मनगटांवर जुने फिकट चट्टे होते, फवारणीच्या औषधांनी पडलेले, आणि नखं निळी. मी ते हात कधी नीट पाहिले नव्हते.

आत्याने पाहिले. मडमकडे पाहिलं, पुन्हा हात पाहिले. मग तिने पोलका मडमला चढवला, बटण लावलं, झालर सरळ केली. "आमच्या वहिनींचे असेच झालेत," ती म्हणाली. "हातमोजे घाला म्हटलं तर घालत नाहीत." आणि मण्यांच्या घागरीकडे वळून तिला नावं ठेवायला लागली.

नवरी मैत्रिणींशी बोलायला लागली होती. आक्काने मला मांडवाच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीपाशी बोलावलं. मी गेलो. मला भरून आलं होतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिने माझी बाजू घेतली होती.

"आक्का," मी म्हणालो, "तू सांभाळून घेतलंस..."

"तुला नाय सांभाळलं. पोरीचं लगीन हाय." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी सात वर्षांचा झालो. "तवा केस कापलेस आणि फडकं गुंडाळलंस. आता अंग जाळलंस आणि बाह्या लावल्यास. छत्तीस वर्सं त्या कारखान्यात काय करत होतास रे? तिथं पण बिघडलेल्या पार्टावर फडकंच टाकत होतास का?"